टॅरंटुला आजारी वाटतोय? हात लावण्याआधी काय बघायचं आणि मग काय करायचं

फेब्रुवारीतली रात्र होती. बर्मिंगहॅमच्या थंडीत घरातला हीटर दिवसभर चालू, आणि ओठ फुटावेत इतकी हवा कोरडी. माझ्याकडे येऊन जेमतेम चार महिने झालेली काशी, चिलीतल्या रोझ हेअर जातीच्या टॅरंटुलाची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याची, मादी, पाण्याच्या वाटीजवळ बसली होती. आठही पाय अंगाखाली ओढून घेतलेले, मिटलेल्या मुठीसारखे. एरवी द्राक्षासारखं टपोरं असणारं पोट मनुक्यासारखं सुरकुतलेलं. वाटीत पाणी नव्हतंच, वाळून कडक झालेला स्पंज होता. जिथून तिला आणलं त्या दुकानात मला सांगितलं होतं, वाटीत स्पंज ठेवा, पेटीखाली हीट मॅट लावा, आठवड्यातून एकदा पाणी शिंपडा. मी ते सगळं मनापासून केलं होतं.

काशी वाचली. कशी, ते पुढे सांगते. पण त्यानंतर ओळखीच्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे रात्री-अपरात्री मेसेज येऊ लागले: ‘पाठीवर पडलाय’, ‘दोन महिने खात नाही’, ‘तोंडाला काहीतरी पांढरं लागलंय’. यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. टॅरंटुलाला खरोखर तातडीची मदत लागते असे प्रसंग मोजकेच असतात. उलट, काही झालेलं नसताना घाबरून केलेल्या मदतीनेच पुष्कळ जीव जातात. त्यामुळे हा लेख उपायांच्या आधी ओळखीबद्दल आहे.

पहिली पायरी: दहा मिनिटं फक्त बघा

झाकण उघडू नका. पेटी उचलून उजेडात नेऊ नका. मोबाइलचा टॉर्च बाजूने, लांबून मारा आणि दोन फोटो घ्या, एक वरून, एक बाजूने. वेळ लिहून ठेवा. तासाभराने पुन्हा फोटो काढलात की फरक पडतोय का ते फोटोच सांगतील. घाबरलेल्या माणसाच्या आठवणीवर अशा वेळी भरवसा ठेवता येत नाही.

बघायचं काय? तो पायांवर उभा आहे की पाठीवर. पाय पसरलेत की आत वळलेत. पोट पुढच्या भागाच्या, म्हणजे डोकं-छातीच्या कवचाच्या तुलनेत केवढं आहे. आणि अंगावर कुठे ओल, डाग किंवा पांढरं काही आहे का.

यातली पायांची खूण सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिचं कारण समजून घ्या. आपला गुडघा वाकवायला एक स्नायू आणि सरळ करायला दुसरा असतो. कोळ्याच्या पायातल्या मुख्य सांध्यांना सरळ करणारा स्नायूच नाही. पाय आत वळतो तो स्नायूने, पण लांब होतो तो शरीरातल्या द्रवाच्या दाबाने, जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उचलला जातो तसा. अंगातलं पाणी कमी झालं, रक्त वाहून गेलं किंवा हृदय थकलं की दाब उतरतो आणि पाय आपोआप आत गोळा होतात. टॅरंटुला पाळणारे याला ‘डेथ कर्ल’ म्हणतात. नाव ऐकून धीर सोडू नका. पाणी कमी पडल्यामुळे पाय वळले असतील तर ते पुन्हा सरळ होऊ शकतात.

मात्र भेदरलेला टॅरंटुलाही पाय जवळ घेतो, आणि इथेच गल्लत होते. भेदरलेला असेल तर गुडघे वर, डोक्यावर ओढल्यासारखे दिसतात आणि पावलं जमिनीवर टेकलेली असतात. डेथ कर्लमध्ये पायांची टोकं पोटाखाली, एकमेकांकडे वळलेली असतात. पहिल्याला एकटं सोडायचं. दुसऱ्याला पाणी हवं आहे.

पाठीवर पडला असेल तर

हात मागे घ्या. तो बहुतेक कात टाकतोय.

मरणारा टॅरंटुला साधारणपणे पायांवरच असतो, पाय आत वळवून. पाठीवर झोपून पाय बाजूला सैल पसरलेले असतील तर ती कात टाकण्याची तयारी असते, आणि बऱ्याचदा त्याने त्यासाठी खाली रेशमाची चटई विणलेली दिसते. ‘बिचारा उलटा पडला’ म्हणून त्याला सरळ करणं ही माझ्या माहितीतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जुन्या कवचातून तो विषदात, घशाचं आणि चोषक जठराचं, म्हणजे अन्न आत ओढणाऱ्या पिशवीचं अस्तर, फुप्फुसांच्या पानांवरचा पापुद्रा हे सगळं ओढून बाहेर काढत असतो. नवी कातडी त्या वेळी ओल्या कागदाइतकी नाजूक असते. बोटाच्या धक्क्याने पाय वाकडे होतात, कातडी फाटते.

पिल्लाचं हे काम अर्ध्या तासातही आटोपतं. मोठ्या मादीला कित्येक तास लागतात आणि नंतरही ती बराच वेळ निपचित पडून असते. काशीच्या पहिल्या कातीच्या वेळी मी रात्रभर खुर्चीत बसून होते. पहाटे भारतातून आईचा फोन आला. ती म्हणाली, ‘अगं, बाळंतिणीच्या खोलीत असं सारखं डोकावतं का कोणी? झोप जा.’ तिने कोळी पाळलेला नाही, पण सल्ला अचूक होता.

तुम्ही करायचं एवढंच. पेटीत रातकिडा किंवा झुरळ जिवंत फिरत असेल तर लांब चिमट्याने हळूच काढून घ्या, कारण मऊ पडलेल्या टॅरंटुलाला रातकिडा कुरतडतो आणि तो जखमेने मरू शकतो. पाण्याची वाटी भरलेली असू द्या. खोलीत धक्के, मोठा आवाज, पेटीची हलवाहलव नको. नंतर खायला द्यायची घाई करू नका. विषदात आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे होतात. पूर्ण काळे झाल्याशिवाय भक्ष्य टाकायचं नाही. पिल्लांना चार-पाच दिवस पुरतात, मोठ्यांना दहा दिवस ते दोन आठवडे थांबावं.

टाकलेली कात फेकू नका. वाळण्याआधी कोमट पाण्यात भिजवून उघडली तर पोटाकडच्या आतल्या बाजूला मादीची शुक्राणूंची पिशवी दिसते, म्हणजे नर की मादी ते कळतं. शिवाय दोन्ही विषदातांची आवरणं आणि चोषक जठराचं अस्तर पूर्ण निघालंय का, हेही त्यातच पाहता येतं. पुढे खाणं बंद झालं तर ही माहिती फार उपयोगी पडते.

खात नाही, एवढंच असेल तर

बहुतेक मेसेज याच तक्रारीचे असतात, आणि बहुतेक वेळा माझं उत्तर ‘थांबा’ असं असतं. धष्टपुष्ट मोठी मादी महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. रोझ हेअर तर यासाठी प्रसिद्धच आहे. काशीने एकदा सात महिने काही घेतलं नाही आणि पोटाचा घेर होता तसाच राहिला.

कात जवळ आली की भूक जाते. खुणा ओळखू येतात: रंग फिका, धुळकट होतो, हालचाल मंदावते, पोटावर केस झडून टक्कल पडलं असेल तर तिथली मातकट किंवा गुलाबीसर कातडी काळपट, चकचकीत दिसू लागते. खाली नवी कातडी आणि नवे केस तयार झाल्याचा तो रंग असतो.

पोट भरलेलं, पाय मजबूत, पाणी उपलब्ध असेल तर दर दोन आठवड्यांनी एक रातकिडा दाखवा. चोवीस तासांत घेतला नाही तर काढून घ्या. एवढंच. तोंडाशी किडा दाबून धरणं, तापमान एकदम वाढवणं, रोज नवं काही टाकून बघणं, हे सगळं त्याला त्रासाचं. चिंता कधी करायची? खाणं बंद आहे आणि पोट कवचापेक्षा लहान होत चाललंय, किंवा तो किड्यावर झडप घालतो पण धरता येत नाही, किंवा तोंडाजवळ ओल आणि वास आहे. या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, ती खाली येतील.

याउलट, जास्त खाणंही दुखणंच आहे. पोट कवचाच्या दीडपटीहून बरंच मोठं झालं, जमिनीवर घासू लागलं, तर भक्ष्य कमी करा. फुगलेलं पोट छोट्या उंचीवरून पडूनही फुटतं.

पोट सुरकुतलंय, पाय वळलेत: तहानेचा टॅरंटुला

इथे मात्र वाट बघायची नाही. काशीच्या बाबतीत मी जे केलं ते आणि नंतर शिकले ते मिळून क्रम असा.

एक. पसरट, उथळ वाटी घ्या, बाटलीचं झाकणही चालेल. त्यात खोलीच्या तापमानाचं साधं पिण्याचं पाणी घाला. बर्फगार नको, गरम नको. साखर, मीठ, ग्लुकोज काही घालायचं नाही.

दोन. टॅरंटुला स्वतः चालू शकत असेल तर वाटी त्याच्या पुढ्यात ठेवा. चालत नसेल तर मऊ ब्रशने किंवा कागदाच्या तुकड्यावर घेऊन असा ठेवा की त्याचं तोंड आणि विषदातांचा भाग पाण्याला टेकेल, पण पोट बाहेर कोरडं राहील. हे अगदी नीट पाहायचं. त्याची श्वास घ्यायची फुप्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला असतात, वहीच्या पानांसारखी, दोन जोड्या. ती बुडाली तर पाणी पाजता पाजता आपणच त्याला गुदमरवू.

तीन. दिवा घालवा आणि अर्धा-पाऊण तास सोडून द्या. तो पाणी शोषून घेतो तेव्हा बाहेरून फारसं काही दिसत नाही. काशीचे पुढचे दोन पाय हलायला सव्वा तास लागला. पहाटेपर्यंत तिने आठही पाय टेकले होते. पोट भरायला आणखी दोन दिवस गेले.

चार. फार अशक्त असेल तर रात्रीपुरता वेगळ्या डब्यात ठेवा. डब्याच्या बाजूंना पुष्कळ भोकं, तळाला ओलसर टिश्यू, पाण्याचं झाकण, तापमान साधारण २४ ते २६ अंश, अंधार. जुने लोक याला ‘आयसीयू’ म्हणतात आणि बंद, घामेजलेल्या डब्यात अनेक दिवस ठेवतात. मला ते पटत नाही. त्याला पाणी तोंडाने प्यायचं आहे, दमट हवेने तहान भागत नाही, आणि कोंदट डब्यात बुरशी पहिली येते. एक-दोन दिवस पुरे.

पाच. मूळ कारण काढा. स्पंज, कापूस, पाण्याचे रंगीत जेली-गोळे फेकून द्या. उघडं, स्वच्छ पाणी नेहमी हवं, वाळवंटी जातीलाही. पेटीखालची हीट मॅट काढा. उन्हापासून वाचायला टॅरंटुला निसर्गात खाली खणतो. मॅटवर मात्र तो खणत खणत जास्त तापलेल्या तळाकडे जातो. माणसाला शर्ट-स्वेटरमध्ये बरं वाटतं ते खोलीचं तापमान बहुतेक जातींना चालतं.

बारा तासांत काहीच फरक नसेल तर व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर. ते निर्जंतुक द्रव सुईने देऊ शकतात. घरी सुई वापरू नका.

पडला, रक्त येतंय

टॅरंटुलाचं रक्त लाल नसतं. त्यात लोहाऐवजी तांब्यावर चालणारा हिमोसायनिन असतो, म्हणून ते जवळजवळ पारदर्शक, किंचित निळसर दिसतं. कागदावर ओला डाग दिसला आणि तो वाढत असेल तर ते रक्त समजा.

पायातून येत असेल तर कॉर्नफ्लोअर कोरड्या ब्रशने जखमेवर दाबून लावा. नुसतं गव्हाचं पीठही वेळेला चालतं. थांबलं नाही तर कॉर्नफ्लोअरवर पेट्रोलियम जेलीचा छोटा थर. कवचाला बारीक चीर असेल तर सुपरग्लूचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब ती बंद करतो. हे व्हेटही वापरतात. पण ग्लू सांध्यावर, तोंडाजवळ किंवा पोटाखाली फुप्फुसांच्या फटींवर गेला तर अनर्थ. हात थरथरत असेल तर पिठावरच थांबा.

कधी कधी तो जखमी पाय स्वतःच बुडापासून सोडून देतो. भयंकर दिसतं, पण तो त्याचा बचाव आहे. तिथला सांधा लगेच मिटतो आणि रक्तस्राव थांबतो. वाढीच्या वयातल्या टॅरंटुलाला पुढच्या कातीला छोटा पाय येतो आणि दोन-तीन कातींत तो भरतो.

पोट फुटलं असेल तर खरं सांगते, आशा कमी असते. बारीक चीर असेल तर पीठ, ग्लू, शांतता, पाणी, आणि थेट व्हेट. मोठी फाट असेल तर त्याला यातनेत ताटकळत ठेवू नका. व्हेटकडे भूल देऊन शेवट करता येतो. घरच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो, भूल न देता तो मला मान्य नाही.

या सगळ्याला कारण होतं ती बहुतेक वेळा पेटीची उंची. जमिनीवर राहणाऱ्या जातीसाठी मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. माती भरून उंची कमी करा, नवी पेटी घ्यायची गरज नाही. झाकणाला जाळी असेल तर ती बदला. नखं जाळीत अडकतात आणि तो लोंबकळत राहतो. आणि हातावर घेऊन फोटो काढायची हौस सोडा. त्याला त्यातून काही मिळत नाही, आणि टेबलाच्या उंचीवरून पडणं त्याच्या जिवावर बेततं.

कात अडकली

निम्मं अंग बाहेर, दोन पाय जुन्या कवचात, आणि कित्येक तास प्रगती नाही. आधी खात्री करा की तो खरंच थांबलाय. मधली विश्रांती लांबही असते. खात्री झाली तर कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ, बारीक ब्रशने फक्त जुन्या कवचावर पाणी लावा, पुन्हा पुन्हा, तासभर. कवच मऊ झालं की तो स्वतः ओढून घेतो. तुम्ही ओढायचं नाही. कवच वाळून टणक झालं तर आत अडकलेला पाय तो टाकून देतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

विषदात किंवा चोषक जठराचं अस्तर अडकलं असेल तर तो खाऊ शकणार नाही. किड्यावर झेप घेतो पण धरता येत नाही, असं मी वर म्हटलं ते यासाठीही असतं. अशा वेळी रातकिडा ठेचून त्याचा पातळ भाग वाटीत, तोंडाशी ठेवा. काही जण त्यावर पुढच्या कातीपर्यंत तगतात, आणि त्या कातीत दात नवे येतात.

लटपटतोय, झटके येतायत

चालताना पाय एकमेकांत अडकणं, अंगाला झटके, कुत्र्याने पाणी झटकावं तशी थरथर, उलटं पडून सरळ होता न येणं, या अवस्थेला पाळणारे लोक ‘डीकेएस’ (डिस्कायनेटिक सिंड्रोम) म्हणतात. ही लक्षणांची मोट आहे, एका रोगाचं नाव नाही. कारण नेहमी सापडत नाही, पण पहिला संशय कीटकनाशकाचा घ्या.

मराठी घरात हे मला अगदी आवर्जून सांगावंसं वाटतं. संध्याकाळी लावलेलं मच्छर लिक्विड, कॉइल, झुरळांवरचा स्प्रे, सोसायटीतली पेस्ट कंट्रोलची फेरी, यांतली पायरेथ्रॉइड जातीची द्रव्यं कीटकांच्या मज्जातंतूंवर काम करतात. कोळी कीटक नाही, पण त्याचे मज्जातंतूही त्यांनी बिघडतात. कुत्र्या-मांजराच्या मानेवर लावायच्या पिसवांच्या औषधात बऱ्याचदा फिप्रोनिल असतं, कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिनही. मांजर कुरवाळलेल्या हाताने वाटी भरली की झालं. बागेतून धरलेले नाकतोडे आणि स्वयंपाकघरातलं झुरळ हेही भक्ष्य म्हणून वर्ज्य, ते आधीच औषध खाऊन आलेलं असू शकतं.

लक्षणं दिसली की टॅरंटुलाला दुसऱ्या खोलीत, नव्या डब्यात, साध्या टिश्यूवर न्या. जुनी माती, लाकूड, वाटी काही सोबत नको. पाणी पुढ्यात, अंधार, शांतता. त्या खेपेचे सगळे रातकिडे टाकून द्या. उतारा असं काही औषध नाही. काही जण आठवड्याभरात सावरतात, काही सावरत नाहीत. मच्छर यंत्र त्या खोलीतून कायमचं काढा आणि खिडकीला जाळी लावा.

पांढरं काहीतरी दिसतंय

पांढऱ्या रंगाचे अर्थ चार, आणि भिंगाशिवाय ते कळत नाहीत. दहापट भिंग घ्या.

मातीवर कापसासारखे तंतू म्हणजे बुरशी. उरलेलं भक्ष्य आणि अति ओल. तेवढी माती चमच्याने काढा, वारा खेळता ठेवा, शिंपडणं थांबवा. टॅरंटुलाच्या अंगावरच बुरशीचा डाग असेल तर मात्र त्याला कोरड्या, हवेशीर पेटीत हलवून व्हेटला फोटो पाठवा.

मातीवर, वाटीच्या कडेला मोहरीहूनही बारीक पांढरे ठिपके हलतायत, ते माइट. बहुतेक माइट उष्टं खाणारे असतात, टॅरंटुलाला त्रास देत नाहीत. ते फक्त सांगतात की पेटी दमट आणि घाण आहे. माती पूर्ण बदला. पण ठिपके हलत नसतील आणि पायांच्या सांध्यांत, तोंडाभोवती किंवा फुप्फुसांच्या फटींपाशी चिकटून बसले असतील तर ते रक्त पिणारे असू शकतात. बारीक ब्रशला किंचित पेट्रोलियम जेली लावून एकेक उचलता येतो, फुप्फुसांजवळ हे काम व्हेटने करावं.

पाठीमागे, रेशीम काढणाऱ्या भागाजवळ कडक पांढरा गोळा किंवा बाहेर आलेला मऊ भाग दिसला तर तो बद्धकोष्ठ किंवा गुद बाहेर येण्याचा प्रकार. कोमट पाण्याने ओला ठेवा आणि व्हेटकडे जा. ओढू नका.

चौथा अर्थ सर्वांत वाईट. तोंड आणि विषदातांच्या मध्ये दाट, पांढरट, ओलसर लेप, कुजका वास, खाणं बंद, आणि पायांच्या टोकांवर उभं राहिल्यासारखी विचित्र ठेवण. हे सूत्रकृमी असू शकतात. रोमेन पिझ्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये टॅरंटुलाच्या तोंडातल्या या संसर्गाची नोंद पशुवैद्यकीय नियतकालिकात केली. पॅनाग्रोलायमिडी कुळातले हे कृमी. भरवशाचा इलाज आजही नाही. साधी खात्री अशी: लेपाचा ठिपका कापसाच्या काडीवर घेऊन पाण्याच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली चाळीसपट करून पाहा. वळवळणारे धागे दिसले तर शंका उरत नाही. तो टॅरंटुला तत्क्षणी वेगळ्या खोलीत, त्याचा चिमटा, वाटी, ब्रश वेगळे, हातमोजे, आणि इतरांना आधी खाऊ घालून मगच त्याच्याकडे. पेटीभोवती घाईघाईने धावत सुटणाऱ्या बारीक माश्या दिसत असतील तर त्याही मारा, संसर्ग त्यांच्यामार्फत फिरत असावा असा संशय आहे. म्हणूनच नवा टॅरंटुला घरात आणला की किमान तीस दिवस वेगळा ठेवा, निसर्गातून पकडलेला असेल तर त्याहून जास्त.

नराचं म्हातारपण

एखादा तरतरीत टॅरंटुला अचानक खाणं सोडतो, रात्रभर पेटीत फेऱ्या मारतो, सडपातळ होतो. तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांच्या टोकांना मुष्टियोद्ध्याच्या मोज्यांसारखे गोळे आले असतील, आणि बऱ्याच जातींत पुढच्या पायांवर आकडेही, तर तो नर वयात आलाय. ती त्याची शेवटची कात होती. त्यानंतर काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं. मेक्सिकन रेड नीची मादी वीस-पंचवीस वर्षं जगते, त्याच जातीचा नर त्याच्या निम्मंही क्वचित. यावर उपचार शोधू नका. पाणी, मऊ भक्ष्य, कमी उंचीची पेटी, आणि वेळ.

तुमचे डोळे

आजारी टॅरंटुलाजवळ आपण नेमकं वाकून बघतो. अमेरिका खंडातल्या बहुतेक जाती पोटावरचे बोचरे केस मागच्या पायांनी हवेत उडवतात. २००९ मध्ये लीड्समधल्या एका तरुणाचा डोळा आठवडे लाल राहिला, थेंबांनी बरा होईना. तपासताना बुबुळात रुतलेले केस सापडले. पेटीची काच घासताना त्याच्या चिलीतल्या रोझ हेअरने ते उडवले होते, आणि हे प्रकरण लॅन्सेटमध्ये आलं. माझ्या घरात तीच जात आहे, म्हणून पेटी उघडताना चष्मा आणि हातमोजे असतात. भारतातल्या झाडांवर राहणाऱ्या पोइसिलोथेरिया जातींना असे केस नाहीत, पण त्यांच्या दंशाने स्नायूंना दिवसेंदिवस पेटके येतात. त्यांना हातच लावू नका.

व्हेट, कागद आणि भारतातले वाचक

व्हेट शांत असताना शोधून ठेवा. फोनवर विचारा, कोळी बघता का, भूल देता का? नेताना छोट्या, अपारदर्शक, भोकांच्या डब्यात टॅरंटुलाभोवती ओलसर टिश्यू चुरगळून, तो हलणार नाही असा न्या. सोबत फोटो, शेवटचं खाणं, शेवटची कात, तापमान, घरात वापरलेली औषधं यांची नोंद द्या. व्हेटला सर्वांत जास्त मदत याच पानाची होते.

महाराष्ट्र-गोव्यात असाल तर दोन गोष्टी. सह्याद्रीत आपले स्वतःचे टॅरंटुला आहेत, थ्रिग्मोपिअस, किलोब्रॅकिस. त्यांना बिळातून काढून आणू नका. आणि परदेशी जात पाळत असाल तर कायदा बघा. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि सायटीस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीतले विदेशी प्राणी तिच्या कक्षेत आले. २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. रेड नी ज्या ब्रॅकिपेल्मा गटात येते तो आणि पोइसिलोथेरिया, दोन्ही गट सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. कागद नाहीत म्हणून आजारी जीव घेऊन व्हेटकडे जायला लोक कचरतात, आणि ती भीती नोंदणीनेच जाते.

गेला, असं वाटलं तर

लगेच पुरू नका. ब्रशच्या मऊ टोकाने पायाला स्पर्श करा. प्रतिसाद नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे तोंड पाण्याशी लावून अंधारात ठेवा आणि चोवीस तास थांबा. कात टाकून गळलेला, थंडीने गारठलेला, तहानलेला टॅरंटुला तासन्‌तास मेल्यासारखा दिसतो. पाय सैल, लोळागोळा झाले, वास आला, पोट काळवंडून खचलं, तर तो गेला. काशी त्या फेब्रुवारीत सव्वा तास तशीच पडून होती. काल तिच्या वहीत नोंद केली: वाटी बदलली, रातकिडा घेतला नाही, टक्कल काळं दिसू लागलंय.